क्रोएशियाला निघताना: प्रवासापुरती क्रोएशियन, मराठीच्या वाटेनं

दुब्रोव्निक, स्प्लित, झादार, ह्वार या किनारपट्टीवर इंग्रजीवर आठवडाभर सहज निभतं. हॉटेलांतली आणि कॅफेंमधली तरुण मंडळी चांगलं इंग्रजी बोलतात, वायव्येकडच्या इस्त्रिया द्वीपकल्पात इटालियन चालतं आणि खोल्या भाड्यानं देणाऱ्या बऱ्याच वयस्कर मालकिणींना थोडं जर्मन येतं. पण राजधानी झाग्रेबच्या दोलात्स बाजारात भाजी घेताना, आडगावच्या बस स्टँडवर किंवा बेटावरच्या एखाद्या आजींच्या घरी उतरल्यावर यांतली एकही भाषा उपयोगी पडेलच असं नाही. तिथे क्रोएशियनची पन्नास-साठ वाक्यं फार कामाला येतात. समोरच्याचा चेहराही खुलतो.

ही भाषा अवघड समजली जाते. सात विभक्ती, तीन लिंगं, बोलणारा पुरुष की बाई यावर बदलणारं क्रियापद, अनोळखी माणसाला आदरार्थी बहुवचन ही त्यामागची कारणं. इंग्रजी बोलणाऱ्याला हे सगळं नवं असतं, पण आपण मराठीत ते रोज वापरतो. तेव्हा माझं पहिलं आग्रहाचं सांगणं असं की क्रोएशियन शिकताना इंग्रजीचा वळसा घेऊ नका, मराठीतूनच जा. दुसरं सांगणं याहून महत्त्वाचं आहे: प्रश्न विचारायला शिकलात तेवढंच त्याचं उत्तर ओळखायलाही शिका. "बस किती वाजता?" हे पाठ केलं आणि उत्तर कळलं नाही, तर त्या पाठांतराचा काही उपयोग होत नाही.

पहिली पायरी: उच्चार

पहिले दोन-तीन दिवस फक्त उच्चारांना द्या. लिपी रोमन आहे, अक्षरं ३० आणि जसं लिहिलं तसंच वाचायचं. या लिपीचा पाया भाषासुधारक ल्युदेवित गाय् यांनी १८३० साली घातला. एकदा अक्षरं ओळखीची झाली की रस्त्यावरची कुठलीही पाटी मोठ्यानं वाचता येते.

आपल्याला सगळ्यात मोठा फायदा 'च'चा आहे. मराठीत 'चमचा'तला च वेगळा आणि 'चहा'तला वेगळा. क्रोएशियनमध्येही तसंच आहे, फक्त तिथे दोघांना वेगळी अक्षरं आहेत. साधा 'सी' म्हणजे चमच्यातला च. खाली मी तो 'त्स' असा लिहिला आहे. डोक्यावर छोटी खूण असलेला 'सी' म्हणजे चहातला च. या खुणा दोन प्रकारच्या असतात, खाचेसारखी आणि तिरप्या रेघेची. तिरप्या रेघेचा च अधिक मऊ असतो, पण खुद्द अनेक क्रोएशियन माणसं बोलताना हा फरक पाळत नाहीत, त्यामुळे त्यात अडकू नका.

'टी' आणि 'डी' ही अक्षरं दिसली की आपली जीभ इंग्रजीच्या सवयीनं ट-ड कडे वळते. तिथे त-द म्हणायचं: स्प्लित, दुब्रोव्निक, झादार. 'जे' हे अक्षर नेहमी 'य'. 'एस' वर खूण असेल तर श. 'झेड' साधा असेल तर पिझ्झातला झ. त्यावर खूण असेल तर इंग्रजी 'टेलिव्हिजन' मधला घासून येणारा ध्वनी, जो मी 'झ्य' असा लिहितो आहे. आडवी रेघ मारलेला 'डी' म्हणजे 'जीवन'मधला ज.

क्र्क नावाचं बेट आहे. चौकाला 'त्र्ग' म्हणतात, देशाचं नाव 'ह्र्वात्स्का'. या शब्दांत र हाच स्वराचं काम करतो, जसं संस्कृतात ऋ करतो. र च्या आधी अगदी पुसटसा अ येऊ द्या, की झालं. आणि शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर जोर द्यायचा नाही. शंका असेल तेव्हा पहिल्या अक्षरावर द्या, बहुतेक वेळा बरोबर येतं.

दुसरी पायरी: नमस्कार आणि चार हुकमी शब्द

दुकानात, बसमध्ये, डॉक्टरांकडे, कुठेही पाऊल टाकलं की आधी अभिवादन. सकाळी 'दोब्रो युत्रो', दिवसभर 'दोबार दान', संध्याकाळी 'दोब्रा वेचेर', निरोप घेताना 'दोविजेन्या'. 'बोक' हे सलगीचं आहे, समवयस्क तरुणांशी चालेल. मोठ्या माणसांना आणि दुकानदारांना 'दोबार दान' म्हणा. 'ती' म्हणजे तू आणि 'वी' म्हणजे तुम्ही. हिशेब अगदी आपल्यासारखाच, म्हणून या लेखातली सगळी वाक्यं 'वी' धरून आहेत.

आभार मानायला 'ह्वाला', हो ला 'दा', नाही ला 'ने', माफ करा ला 'ओप्रोस्तिते'. हे कुठल्याही पुस्तकात सापडतं. मला जास्त वेळ घालवायचा आहे तो पुढच्या चार शब्दांवर, कारण निम्मं संभाषण त्यांच्यावरच चालतं.

'मोलिम' म्हणजे कृपया. पण कुणी आभार मानले तर उत्तरही 'मोलिम', फोन उचलला की 'मोलिम', आणि नीट ऐकू आलं नाही तर वर चढलेल्या सुरात 'मोलिम?', म्हणजे काय म्हणालात?

'इझ्वोलिते' तुम्हाला सारखं ऐकू येईल. दुकानदारानं म्हटलं तर "बोला, काय देऊ?", काही हातात ठेवताना म्हटलं तर "हे घ्या", दारात म्हटलं तर "या, या". तुम्ही स्वतः तो वापरला नाही तरी चालेल, पण तो ऐकल्यावर आता आपली पाळी आहे हे कळायला हवं.

'मोझ्ये' म्हणजे चालेल, जमेल. 'मोझ्ये कार्तित्सोम?' म्हणजे कार्डानं चालेल का? उत्तर 'मोझ्ये'. वेटरनं 'मोझ्ये योश नेश्तो?' विचारलं तर आणखी काही हवं का, असा अर्थ.

'इमा' म्हणजे आहे, 'नेमा' म्हणजे नाही. 'इमा ली म्येस्ता?' जागा आहे का? 'नेमा.' मधला 'ली' म्हणजे आपला 'का', फक्त तो वाक्याच्या शेवटी न येता क्रियापदाला लागून येतो. 'गोवोरिते ली एंग्लेस्की?' इंग्रजी बोलता का? 'रादिते ली नेद्येल्योम?' रविवारी उघडं असतं का? हा शेवटचा प्रश्न खरोखर विचारावा लागतो. २०२३ च्या मध्यापासून तिथल्या कायद्यानं एका दुकानाला वर्षातले जास्तीत जास्त १६ रविवार उघडं राहता येतं, काही अपवाद सोडून. त्यामुळे शनिवारीच दूध-पाव घेऊन ठेवा. आणि दारावरचे दोन शब्द ओळखा: 'ओत्वोरेनो' उघडं, 'झात्वोरेनो' बंद.

तिसरी पायरी: आकडे, पैसे, वेळ

इथे घाई करू नका. सगळ्यात जास्त सराव याला लागतो, कारण बहुतेक उत्तरं आकड्यांतच येतात.

येदान, द्वा, त्री, चेतिरी, पेत, शेस्त, सेदाम, ओसाम, देवेत, देसेत. संस्कृतचे त्रि, चतुर्, सप्त, अष्ट, दश आठवले तर पाठांतर सोपं जातं. अकरा ते एकोणीसला 'नाएस्त' लागतं: येदानाएस्त, द्वानाएस्त. वीस 'द्वादेसेत', तीस 'त्रिदेसेत', पन्नास 'पेदेसेत', शंभर 'स्तो'. पंचवीस म्हणजे 'द्वादेसेत पेत', दशक आधी आणि एकक नंतर.

कान कुठे फसतात ते सांगतो. 'देवेत' नऊ आणि 'देसेत' दहा, फरक एका अक्षराचा. घाईनं बोलताना द्वादेसेतचं 'द्वाएस्त' होतं आणि ते द्वानाएस्तसारखं वाटतं. म्हणजे बारा की वीस, असा घोळ. शिवाय तास किंवा 'वाजता' यासाठी शब्द आहे 'सात', त्याचं अनेकवचन 'साती'. मराठी कानाला 'पेत साती' मध्ये पाच आणि सात दोन्ही ऐकू येतात. प्रत्यक्षात ते फक्त पाच वाजता. सात हा आकडा म्हणजे सेदाम, हे घोकून ठेवा.

त्याहून मोठा सापळा 'पोला'चा आहे. 'पोला' म्हणजे अर्धा, पण 'पोला ओसाम' म्हणजे साडेआठ नाही, साडेसात! आठ वाजायला अर्धा तास बाकी, असा तो हिशेब. साडेआठला 'ओसाम इ पोल' किंवा 'पोला देवेत' म्हणतात. गाडीची वेळ ऐकली की लगेच कागद पुढे करा आणि म्हणा, 'मोझ्येते ली नापिसाती?' लिहून देता का? वेळापत्रकात २४ तासांचं घड्याळ असतं, त्यामुळे लिहिलेलं चुकत नाही.

चलन १ जानेवारी २०२३ पासून युरो आहे. जुन्या वाक्यकोशांत कूना सापडेल, ती पानं सोडून द्या. 'कोलिको कोश्ता?' केवढ्याला? 'द्वा एउरा इ द्वादेसेत' म्हणजे २ युरो २० सेंट. बाजारात चीज किंवा ऑलिव्ह वजनावर घेताना ग्रॅम कुणी म्हणत नाही, 'देका' म्हणतात. एक देका म्हणजे १० ग्रॅम. पाव किलो चीज हवं तर 'द्वादेसेत पेत देका सिरा'. गल्ल्यावर विचारतील 'व्रेचित्सा?' म्हणजे पिशवी हवी का, आणि 'कार्तित्सा इली गोतोविना?' कार्ड की रोख.

महिन्यांची नावं क्रोएशियनमध्ये वेगळीच आहेत. जुलै 'स्र्पान्य', ऑगस्ट 'कोलोवोझ'. फेरीच्या वेळापत्रकात ती दिसतील. बोलताना मात्र लोक सर्रास सातवा महिना, आठवा महिना असंच म्हणतात, तेव्हा पाठ करायची गरज नाही.

चौथी पायरी: तिकीट काढताना एक नियम

व्याकरणाचा एकच नियम इथे शिकून घ्या, तो शेकडो ठिकाणी लागतो. 'आ'कारान्त नाम मागताना 'उ'कारान्त होतं. 'कार्ता' म्हणजे तिकीट, पण मागायचं 'येद्नु कार्तु'. कावा चं 'कावु', वोदा चं 'वोदु', सोबा (खोली) चं 'सोबु'. बाकीच्या वस्तू आहेत तशाच राहतात: सोक (रस), क्रूह (पाव), पिवो (बिअर). म्हणून शब्द सुटे पाठ करू नका, मागणीच्या वाक्यासकट करा.

'येद्नु कार्तु झा स्प्लित, मोलिम.' स्प्लितचं एक तिकीट द्या. दोन हवी असतील तर 'द्वीये कार्ते'. जाऊन-येऊन हवं तर 'पोव्रात्नु कार्तु'. 'कादा पोलाझी आउतोबुस झा झादार?' झादारची बस कधी सुटते? 'स कोयेग पेरोना?' कुठल्या फलाटावरून? उत्तरात 'पेरोन' आणि आकडा ऐकायचा. 'कास्नी' म्हणजे उशीर आहे. 'नेमा काराता' म्हणजे तिकिटं संपली.

बस आणि रेल्वे स्टेशनला 'कोलोद्वोर' म्हणतात, बंदराला 'लुका', विमानतळाला 'झ्राच्ना लुका'. मोठी बॅग बसच्या पोटात टाकायची तर ड्रायव्हर बऱ्याचदा वेगळे पैसे मागतो. 'प्र्त्ल्यागा' म्हणजे सामान हे माहीत असलं की तो काय मागतोय ते कळतं. सुटे युरो खिशात ठेवा.

बेटांवर जाणाऱ्या जहाजांत दोन प्रकार आहेत. 'त्रायेक्त'मध्ये गाड्याही चढतात, 'कातामारान' फक्त माणसांचं आणि वेगवान. हिवाळ्यात 'बुरा' नावाचा ईशान्येचा वारा सुटला की फेऱ्या रद्द होतात. तेव्हा 'वोझी ली त्रायेक्त दानास?' आज फेरी आहे का, हे विचारा. 'ने वोझी' म्हटलं तर नाही.

वाट विचारायला 'ग्द्ये ये' (कुठे आहे) पुरेसं आहे: 'ग्द्ये ये कोलोद्वोर?' उत्तरासाठी लियेवो (डावीकडे), देस्नो (उजवीकडे), राव्नो (सरळ), ब्लिझु (जवळ), दालेको (लांब).

पाचवी पायरी: जेवण, विशेषतः शाकाहारी मंडळींसाठी

इथे मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण आपल्यातल्या अनेकांची सगळी धास्ती याचीच असते.

पुरुषानं म्हणायचं 'या साम वेगेतारियानात्स', बाईनं 'या साम वेगेतारियान्का'. एवढ्यावर थांबू नका, कारण मासे हे मांसात धरत नाहीत असं समजणारे बरेच आहेत. सरळ म्हणा, 'ने येदेम मेसो नी रिबु', मी मांस खात नाही आणि मासेही नाही. अंडी चालत नसतील तर 'ने येदेम याया'. ताटाकडे बोट दाखवून 'इमा ली उ ओवोमे मेसा?' यात मांस आहे का?

'बेझ' म्हणजे शिवाय. मराठीत शिवाय लावताना 'घर'चं 'घराशिवाय' होतं, तसंच इथे सामान्यरूप करायचं: मेसो चं 'बेझ मेसा', शेचेर (साखर) चं 'बेझ शेचेरा', लेद (बर्फ) चं 'बेझ लेदा'. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर 'बेझ लुका इ बेझ चेश्न्याका'. दाल्मात्सियात, म्हणजे झादार-स्प्लित-दुब्रोव्निकच्या किनारपट्टीवर, मात्र एक घोळ आहे: तिथे कांद्याला 'कापुला' म्हणतात आणि 'लुक' म्हटलं की अनेकांच्या मनात लसूण येतो. किनाऱ्यावर असाल तर 'बेझ कापुले' हेही जोडा.

मेनूवर हे शब्द ओळखा: गोवेदिना (गोमांस), स्विन्येतिना (डुकराचं मांस), पिलेतिना (कोंबडी), शुन्का आणि प्र्शुत (डुकराच्या मांसाचे प्रकार), स्लानिना (बेकन). 'ग्राह' म्हणजे घेवड्याची उसळ, दिसायला निर्धोक, पण तिच्यात बहुधा सॉसेज किंवा स्लानिना असते. 'त्स्र्नी रिझ्योत' म्हणजे काळा भात. तो काळा होतो माकुळाच्या शाईनं.

मग खायचं काय? बटाटा घालून केलेली 'ब्लित्वा' ही पालेभाजी किनाऱ्यावर जवळपास सगळीकडे मिळते. ती माशांसोबत वाढतात, पण वेगळी मागता येते. झाग्रेबकडे चीज भरलेले 'श्त्रुक्ली'. स्प्लितजवळच्या पोल्यित्सा भागातला 'सोपार्निक' म्हणजे पालेभाजीचं सारण भरलेली पातळ पोळी, मोठ्या चुलीवर भाजलेली. मिळाला तर सोडू नका. 'पेकारा' म्हणजे बेकरी. तिथे 'बुरेक' मागताना 'सा सिरोम' (चीजचा) हे जोडल्याशिवाय राहू नका, नाहीतर मांसाचा हातात येईल.

चहाला शब्द 'चाय' असाच आहे, पण नुसता 'चाय' मागितला तर बहुधा फळांचा किंवा वनस्पतींचा येतो. 'त्स्र्नी चाय स म्लियेकोम' म्हणा, म्हणजे काळा चहा, दूध घालून. खरं तर तिथे कॉफीच प्यावी, लोक एका कपावर तास-तास बसतात. सभ्यपणे मागायचं तर पुरुषानं 'ह्तियो बिह कावु', बाईनं 'ह्त्येला बिह कावु'. मी आलो, मी आले असं आपण म्हणतोच, तसाच हा फरक. शेवटी 'राचुन, मोलिम', म्हणजे बिल आणा. जेवणाचं बिल तिथे सहसा न मागता आणत नाहीत, त्यामुळे वाट बघत बसू नका.

सहावी पायरी: मुक्काम आणि अडचण

'सोबे' अशी पाटी म्हणजे खोल्या भाड्यानं. 'इमाम रेझेर्वात्सियु', माझं बुकिंग आहे. 'झा द्वीये ओसोबे, झा त्री नोची', दोन माणसं, तीन रात्री. एवढं बास.

अडचणीची वाक्यं मात्र कागदावर लिहून पाकिटात ठेवा, अशा वेळी आठवत नाहीत. दुखणं सांगायला 'बोली मे' आणि पुढे अवयव: ग्लावा (डोकं), झुब (दात), त्र्बुह (पोट). औषधाचं दुकान 'ल्येकार्ना'. 'त्रेबा मी लियेच्निक', मला डॉक्टर हवा. पासपोर्ट हरवला तर पुरुषानं 'इझ्गुबियो साम पुतोव्नित्सु', बाईनं 'इझ्गुबिला साम पुतोव्नित्सु'. मदतीसाठी हाक 'उपोमोच!' तातडीचा क्रमांक ११२, आणि थेट रुग्णवाहिका हवी तर १९४.

सातवी पायरी: सराव

निघण्याआधी तीन-चार आठवडे रोज वीस मिनिटं पुरतात. वहीत डावीकडे प्रश्न लिहा आणि उजवीकडे त्याची संभाव्य उत्तरं: हो, नाही, संपलं, उद्या, इतके पैसे, इतके वाजता. फोनवरच्या भाषांतराच्या ॲपकडून ती उत्तरं म्हणवून घ्या आणि डोळे मिटून ऐका. 'एचआरटी' या सरकारी नभोवाणीच्या बातम्या लावा. सगळं कळायची गरज नाही, फक्त आकडे आणि वार पकडा.

तिथे पोचल्यावर एक गोष्ट नक्की होईल. तुम्ही धीर करून दोन वाक्यं बोलाल आणि समोरचा मदत म्हणून इंग्रजीवर येईल. तो तुमच्या उच्चारांना नावं ठेवत नसतो. हसून म्हणा, 'उचिम ह्र्वात्स्की', क्रोएशियन शिकतोय. भाषेला ह्र्वात्स्कीच म्हणा, शेजारच्या देशांच्या नावानं नको, ते त्यांना लागतं. मग 'पोलाको, मोलिम', जरा सावकाश. तरीही तो इंग्रजीतच राहिला तर 'मोझ्येमो ली ना ह्र्वात्स्कोम?', क्रोएशियनमध्ये बोलूया का? गर्दीची वेळ नसेल तर बहुतेक जण आनंदानं थांबतात आणि पुढचं वाक्य स्वतःहून हळू म्हणतात.